बातमी जहाजानेच येते

सम्राट स्ट्रेफॉनला गोळी घातली गेली ती त्याच्याच दरबारात. साम्राज्याच्या कालगणनेप्रमाणे साल १११६, वर्षातला १३२वा दिवस. गोळी घालणारा ड्युलिनॉर हा कोणी भाडोत्री मारेकरी नव्हे, साम्राज्याचाच एक आर्चड्यूक. राजधानीत ही बातमी पसरायला वेळ लागला नसेल. पण साम्राज्याच्या कडेला, स्पिनवर्ड मार्चेस नावाच्या सीमाप्रांतात, तिचा पत्ता लागायला कित्येक महिने गेले. तोवर तिथे मेलेल्या सम्राटाच्या नावाने हुकूम निघत होते आणि ते पाळलेही जात होते. बातमी पोचेपर्यंत राजधानीत गादीवर दुसराच कोणी बसलेला होता, शिवाय तिच्यावर हक्क सांगणारे आणखी चारजण उभे राहिले होते. त्यातला एकजण तर म्हणत होता, ‘खरा स्ट्रेफॉन मीच, मेला तो तोतया.’ तोतयाचं प्रकरण मराठी वाचकाला काही नवीन नाही.

हे सगळं साम्राज्य कागदावरचं. ‘ट्रॅव्हलर’ या रोलप्लेइंग गेमचं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नॉर्मल नावाचं एक गाव आहे (गावाचं नाव खरंच नॉर्मल आहे). तिथल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या छोट्या कंपनीने १९७७ साली काळ्या मुखपृष्ठांच्या तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. मुख्य लेखक मार्क मिलर. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण रेफरी होतो आणि सगळं विश्व चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात. नियमपुस्तक, फासे आणि तोंड, एवढंच भांडवल. त्या पहिल्या आवृत्तीत पात्र तयार करतानाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच, फासा उलटा पडला तर पात्र मरत असे. त्यावर आजही लोक हसतात आणि आजही कोणी कोणी तसंच खेळतात.

स्ट्रेफॉनचा खून १९८७ साली आला, ‘मेगाट्रॅव्हलर’ या पुढच्या आवृत्तीबरोबर. पण त्याची तयारी दहा वर्षं आधीच, एका नियमाने करून ठेवली होती. प्रकाशापेक्षा जलद जाणारं जहाज आहे, प्रकाशापेक्षा जलद जाणारा रेडिओ नाही. निरोप पाठवायचा तर कोणीतरी तो घेऊन जायला हवं.

विज्ञानकथेत याचा उलटा प्रकारही आहे. उर्सुला ले ग्विनने १९६६ साली ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये ‘अ‍ॅन्सिबल’ नावाचं यंत्र आणलं. त्यावरून निरोप तत्क्षणी जातो, माणूस मात्र प्रकाशाहून हळूच जातो. ‘स्टार ट्रेक’मध्ये दोन्ही आहे. जहाजही पळतं आणि सबस्पेस रेडिओवरून मुख्यालयाशी बोलताही येतं. यातला कुठला प्रकार निवडला यावर कथेत निर्णय कोण घेणार ते ठरतं. कादंबरीत ही लेखकाची सोय असते. खेळात टेबलाभोवती बसलेल्या माणसांना ती भोगावी लागते. पडद्यावरच्या कप्तानाने वरिष्ठांना विचारलं आणि वरिष्ठांनी काहीतरी चुकीचं सांगितलं, तर नाट्य होतं. टेबलावरच्या खेळाडूने वरिष्ठांना विचारलं, तर पुढची पंधरा मिनिटं रेफरीच बोलतो आणि खेळाडू ऐकतात.

ट्रॅव्हलरमधली उडी, म्हणजे ‘जम्प’, कशी असते ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या खेळाची सगळी मजा तिच्या अटींत आहे. जहाज एका उडीत एक ते सहा पार्सेक जातं. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. किती पार्सेक ते इंजिनावर अवलंबून. पण उडी एक पार्सेकची असो की सहाची, वेळ तेवढाच लागतो, साधारण एक आठवडा. पुढच्या आवृत्त्यांनी तो १६८ तास, दहा टक्के कमी-जास्त, असा पक्का केला. इंधन हायड्रोजनचं, दर पार्सेकला जहाजाच्या आकारमानाच्या दहा टक्के. म्हणजे सहा पार्सेक उडणाऱ्या जहाजाचा साठ टक्के भाग नुसती टाकी. उडी घेण्याआधी ग्रहापासून त्याच्या व्यासाच्या शंभरपट दूर जावं लागतं. त्याच्या आत उडी मारली तर ती चुकण्याची शक्यता वाढते, आणि चुकलेल्या उडीत जहाज भलत्याच दिशेला छत्तीस पार्सेकपर्यंत फेकलं जाऊ शकतं.

आणि त्या आठवड्यात बाहेरच्या जगाशी संपर्क शून्य. ना निरोप येतो, ना जातो. शेजारी शेजारी उडी घेतलेल्या दोन जहाजांनाही एकमेकांशी बोलता येत नाही. ती नेमकी एकाच वेळी पोचतील याचीही खात्री नाही, कारण त्या दहा टक्क्यांचा फासा प्रत्येकाचा वेगळा.

चतुर रेफरी या आठवड्याचं सोनं करतो. बंद जहाज, मोजके प्रवासी, मदतीला कोणी येणार नाही, कोणी पळूनही जाऊ शकत नाही. खून होऊ द्या, अपहरणाचा डाव होऊ द्या, इंजिनखोलीत बिघाड होऊ द्या. आळशी रेफरी मात्र ‘आठवडा गेला, पोचलात’ म्हणून पुढे जातो. माझ्या मते त्याने नियमातला अर्धा जीव घालवला. उडीतला आठवडा हा या खेळातला एकमेव काळ आहे जेव्हा खेळाडूंना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नसतं.

निरोप वाहायची जबाबदारी मग कोणाची? साम्राज्याकडे एक्स-बोट नावाची डाकव्यवस्था आहे. शंभर टनी, चार पार्सेक उडणारी छोटी जहाजं. त्यांना उडीचं इंजिन असतं, पण साध्या अवकाशात फिरायचं इंजिनच नसतं. मुक्कामी पोचताच एक्स-बोट आपल्याकडचा सगळा मजकूर रेडिओने तळावर सोडते. तळ तो तयार असलेल्या पुढच्या एक्स-बोटीत भरतो आणि ती काही तासांतच उडते. पहिलीला मागाहून एक मोठं जहाज येऊन उचलून नेतं. माणूस दमला तरी पत्र थांबत नाही. अमेरिकेत १८६० ते ६१ या काळात चाललेल्या पोनी एक्स्प्रेसचा हा थेट वारसा. तिथेही घोडा बदलायचा, स्वार बदलायचा, थैली पुढे जायची. एक्स-बोटीने एकही मुक्काम वाया न घालवता सरळ रेषेत मजल मारली, तरी शंभर पार्सेकला पंचवीस आठवडे. प्रत्यक्षात मार्ग वाकडेतिकडे, त्यामुळे आणखी जास्त.

एक्स-बोटीचा मार्ग जिथून जात नाही तिथे डाक व्यापारी नेतात. नियमपुस्तकात याची सविस्तर तरतूद आहे. जहाजातली पाच टन जागा कायमची टपालासाठी राखायची, जहाजावर तोफ आणि ती चालवणारा गोलंदाज ठेवायचा. मग दर फेरीला पंचवीस हजार क्रेडिट मिळतात. अशा तीन ओळींच्या तरतुदीतून किती गोष्टी निघतात! टपाल लुटणारे आहेत, म्हणून तोफ हवी. टपालात लुटण्याजोगं काहीतरी आहे, म्हणून लुटणारे आहेत. आणि बातमी आधी व्यापाऱ्याच्या हाती पडते, सरकारच्या नंतर. पानिपतचा निकाल उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळला तोही सावकारी पत्रातूनच.

समजा, शेजारच्या ग्रहावर युद्ध पेटलंय आणि तुमचं जुनाट, दोनशे टनी व्यापारी जहाज तिथून निसटून इथे पोचलंय. इथल्या सरदाराला काहीच माहीत नाही. कदाचित पुढचा आठवडाभर कळणारही नाही. तुम्ही त्याला सांगाल? आधी बाजारात जाऊन धान्य आणि औषधं उचलाल? की बातमीच विकाल? हा प्रश्न रेफरीने रचलेला नाही, नियमानेच आणून टेबलावर टाकलेला आहे. खिशात आकाशगंगेभर चालणारा फोन असता तर तो उद्भवलाच नसता.

युद्धाचीही तीच गत. १८१४ च्या २४ डिसेंबरला ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या तहावर घेंट शहरात सह्या झाल्या. ती बातमी पोचायच्या आधीच ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला दोन्ही सैन्यं एकमेकांवर तुटून पडली. ट्रॅव्हलरच्या विश्वात हे नेहमीचंच. याच कंपनीने १९८१ साली ‘फिफ्थ फ्रंटियर वॉर’ नावाचा पटावरचा युद्धखेळ काढला. त्यात आरमाराची पुढच्या काही आठवड्यांची हालचाल आधीच लिहून ठेवावी लागते. समोर पटावर शत्रू दुसरीकडे वळलेला दिसत असतो, तुमचं आरमार मात्र लिहिलेल्या हुकमाप्रमाणे रिकाम्या ताऱ्याकडे चालत राहतं. सेनापती जितका हुशार तितके कमी आठवडे आधी लिहावं लागतं. हुशारीची इतकी नेमकी व्याख्या मी दुसऱ्या कुठल्या युद्धखेळात पाहिलेली नाही.

उडीच्या आधी आणि नंतर जहाज साध्या अवकाशात असतं, आणि तिथे १९७७च्या त्या पुस्तिकेत शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. अर्धा रस्ता वेग वाढवत जायचं, मग जहाज फिरवून उरलेला अर्धा वेग कमी करत जायचं. लागणारा वेळ म्हणजे अंतर भागिले त्वरण, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. पृथ्वीचे शंभर व्यास म्हणजे पावणेतेरा लाख किलोमीटर. पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या त्वरणाने, शेवटी थांबण्याच्या हिशोबाने, तिथे जायला सव्वासहा तास. तिथून पृथ्वीवर रेडिओ पोचायला सव्वाचार सेकंद, उत्तराला तेवढेच. गुरूपासून निघायचं तर शंभर व्यास म्हणजे एक कोटी त्रेचाळीस लाख किलोमीटर. एकवीस तासांचा रस्ता आणि एका बाजूने अठ्ठेचाळीस सेकंदांचा रेडिओ. उडीची हद्द जवळ येते तसतसं बोलणं लांबत जातं. आधी फोन, मग तार, मग पत्र, आणि शेवटी आठवडाभर काहीच नाही. हाच नियम सूर्याला लावला तर त्याची हद्द १३ कोटी ९३ लाख किलोमीटरवर पडते. पृथ्वी थोडक्यात बाहेर राहते, शुक्र आत अडकतो.

उडी संपली की प्रकाश मागे राहिलेला असतो. एक पार्सेक ओलांडून वळून पाहिलं तर आपला सूर्य सव्वातीन वर्षांपूर्वीचा दिसतो. यातून खेळाडूंना सुचणारी युक्ती अशी की घटनास्थळापासून एक प्रकाशमहिना दूर उडी मारायची. छोट्या उडीलाही आठवडाच लागतो, पण प्रकाशाला महिना लागतो. म्हणजे पोचल्यावर तीन आठवडे थांबा, दुर्बीण लावा, आणि जे घडून गेलं ते डोळ्यांनी पाहा. न्यायालयात पुरावा! कल्पना बिनचूक आहे. अडचण दुर्बिणीची आहे. एक प्रकाशमहिन्यावरून शंभर मीटर लांबीचं जहाज वेगळं ओळखायचं तर आरशाचा व्यास सुमारे ४,७०० किलोमीटर हवा. आपल्या चंद्राचा व्यास ३,४७४. स्फोटाची चमक किंवा मोठ्याने ओरडणारा रेडिओ मात्र साध्या यंत्रानेही पकडता येईल. गोळी कोणी झाडली ते दिसणार नाही, कधी झाडली ते कळेल.

इतर खेळांनी काय केलं? याच कंपनीच्या १९८६ सालच्या ‘ट्रॅव्हलर: २३००’ने खऱ्या ताऱ्यांचा नकाशा घेतला आणि इंजिनाला ७.७ प्रकाशवर्षांची मर्यादा घातली. त्याहून मोठी फट ओलांडता येत नाही, त्यामुळे आकाशात घाट आणि खिंडी तयार झाल्या. वॉरहॅमर ४०,०००च्या विश्वात निरोप पाठवतात ते अतींद्रिय शक्ती असलेले लोक, आणि पलीकडच्याला तो स्वप्नाच्या रूपात मिळतो. स्वप्नाचा अर्थ लावणं हे वेगळं कौशल्य, आणि तो चुकीचा लागणं हा खेळाचा भाग.

‘बॅटलटेक’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. १९८४ सालचा, शिकागोच्या फासा कंपनीचा. त्यात जहाज एका झटक्यात तीस प्रकाशवर्षं जातं, पण मग ताऱ्याच्या उजेडात प्रचंड शीड पसरून आठवडाभर ऊर्जा भरत बसतं. निरोप मात्र जहाजावर अवलंबून नाहीत. हायपरपल्स जनरेटर नावाची केंद्रं आहेत, पन्नास प्रकाशवर्षांपर्यंत निरोप उडवणारी. आणि ही सगळी केंद्रं कॉमस्टार या एकाच संस्थेच्या ताब्यात आहेत. कॉमस्टार म्हणजे तारखातं आणि धर्मपीठ एकत्र. अंगरखे घातलेले तंत्रज्ञ यंत्रांपुढे मंत्र म्हणतात. एखाद्या राजाने आगळीक केली तर कॉमस्टार त्याची तार तोडतं. सैन्य पाठवावं लागत नाही. निरोपांचं जाळं झालं की त्याचा मालकही होतो, एवढी गोष्ट या खेळाने चांगली ओळखली होती. पुढे २००२ साली कथा नव्याने सुरू करायची वेळ आली तेव्हा कर्त्यांनी खेळातल्या ३१३२ साली ही बहुतांश केंद्रं एका फटक्यात बंद पाडली. संपर्क काढून घेतल्याबरोबर प्रत्येक ग्रह पुन्हा आपापला निर्णय घ्यायला मोकळा झाला. पंचवीस वर्षांपूर्वीचा ट्रॅव्हलरचा नियमच मागच्या दाराने परत आला, असं मी म्हणेन.

‘एक्लिप्स फेज’ या २००९ सालच्या खेळात तत्क्षणी निरोप पाठवता येतो, पण पुंज-गुंतागुंतीच्या कणांच्या मोजक्या साठ्यावर. दर शब्दाला साठा घटतो. खर्चाची ही अट खेळ म्हणून उत्तम, भौतिकशास्त्र म्हणून नाही. गुंतलेल्या कणांनी माहिती पाठवता येत नाही, असं पुंजभौतिकीचं सिद्ध झालेलं प्रमेयच आहे.

आता प्रकाशापेक्षा जलद जाण्याच्या मूळ तंट्याकडे. ट्रॅव्हलरच्या कर्त्यांना वाटलं असेल, जलद रेडिओ नाकारला की आइन्स्टाइनशी निम्मी तडजोड झाली. पण सापेक्षतेच्या दृष्टीने रेडिओ आणि खिशातली चिठ्ठी यांत फरक नाही. प्रकाशाच्या आधी पोचला तो निरोपच. भिन्न वेगाने चाललेल्या दोघांचं ‘आत्ता’ एक नसतं. प्रकाशाहून हळू जाणाऱ्या निरोपाला त्याने काही बिघडत नाही. जलद निरोपाच्या बाबतीत मात्र कोणा एकाला तो निघण्याआधीच पोचलेला दिसतो. त्या एकानेही तसाच जलद निरोप उलट पाठवला, तर उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. रिचर्ड टोलमनने १९१७ मध्येच हे लिहून ठेवलं होतं.

या प्रश्नात आपल्याकडची नावं आहेत. १९६२ साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये शोधनिबंध लिहिला. प्रकाशाहून जलदच चालणारे कण सापेक्षतेच्या चौकटीत बसू शकतात, असं त्यांचं म्हणणं. भूतकाळाकडे ऋण ऊर्जा घेऊन जाणारा कण म्हणजे भविष्याकडे धन ऊर्जा घेऊन जाणाराच समजा, फक्त पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल करा, असा त्यांचा तोडगा. ‘टॅकिऑन’ हे नाव गेराल्ड फाइनबर्गने १९६७ मध्ये दिलं. १९७६ साली जयंत नारळीकरांनी सुदर्शन यांच्याबरोबर टॅकिऑन आणि विश्वरचना या विषयावर निबंध लिहिला. आपले विज्ञानकथाकार या प्रांतात गणित घेऊनही गेले होते.

अदलाबदलीच्या तोडग्यावर १९७० साली बेनफर्ड, बुक आणि न्यूकम यांनी घाव घातला. शेक्सपियरने ‘हॅम्लेट’ टॅकिऑन यंत्रावर टंकून पाठवलं आणि ते भूतकाळात बेकनला मिळालं, तर कितीही अदलाबदल करा, ‘हॅम्लेट’ बेकनचं होत नाही. मजकूर ज्याच्या ताब्यात, तोच पाठवणारा. यातला ग्रेगरी बेनफर्ड पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजला. भूतकाळात टॅकिऑनने निरोप धाडणाऱ्या शास्त्रज्ञांवरची ‘टाइमस्केप’ ही कादंबरी त्याची.

१९९४ साली मिगेल अल्कुबिएरेने, ‘स्टार ट्रेक’वरून कल्पना घेऊन, सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारा वॉर्प-बुडबुडा मांडला. पुढचं अवकाश आकसतं, मागचं पसरतं, जहाज मध्ये स्वस्थ. त्याला ऋण ऊर्जा लागते आणि ती कुठून आणायची हे कोणी सांगितलेलं नाही. पण बुडबुड्याच्या आतल्या माणसांचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. आतलं घड्याळ बाहेरच्या घड्याळाबरोबर चालतं. शिवाय वेग प्रकाशापलीकडे गेला की जहाजातून सोडलेला कुठलाही संदेश बुडबुड्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोचू शकत नाही. कप्तानाला वळताही येत नाही, थांबताही येत नाही. आठवडा म्हणजे आठवडा आणि पुढे पूर्ण मौन, हे तर ट्रॅव्हलरच झालं, समीकरणं यायच्या सतरा वर्षं आधी. २०१२ साली सिडनी विद्यापीठातल्या तिघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वाटेत गोळा झालेले कण बुडबुडा थांबताच प्रचंड ऊर्जेने पुढे सुटतात. पोचल्याची वर्दी म्हणून यजमान ग्रह भाजून निघेल. हा नियम अजून कुठल्या रेफरीने टेबलावर आणलेला मी ऐकलेला नाही, आणि आणला तर तिथे व्यापार बंद पडेल.

राहिलं काळयंत्र. सहा पार्सेक आठवड्यात म्हणजे प्रकाशाच्या साधारण एक हजार वीसपट वेग. उडीचा तो आठवडा ज्या-त्या जहाजाच्या घड्याळाने मोजायचा असेल, तर परस्परांपासून किती वेगाने दूर जाणारी दोन जहाजं भूतकाळात उत्तर पाठवू शकतील? गणित सोपं आहे. उडीचा वेग प्रकाशाच्या जितकेपट, त्या संख्येने प्रकाशवेगाच्या दुपटीला भागायचं. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ५९० किलोमीटर. ऐकायला जास्त वाटतं, पण उडीच्या आधीचा वेग उडीनंतर तसाच राहतो असं नियम सांगतो, आणि जहाजात इंधन चार आठवड्यांचं असतं. पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या त्वरणाने हा वेग गाठायला सतरा तास पुरतात.

रेफरीला यातून सुटायचा रस्ता आहे. आठवडा जहाजाच्या घड्याळाने मोजायचाच नाही, सगळ्यांसाठी एकच घड्याळ ठरवायचं. विश्वाच्या पार्श्वभूमीवर पसरलेलं मायक्रोवेव्ह प्रारण त्याला चांगलं. आपला सूर्य त्याच्या सापेक्ष सेकंदाला ३७० किलोमीटरने चाललाय, त्यामुळे तेवढी दुरुस्ती करावी लागेल. आइन्स्टाइनला हे पसंत पडलं नसतं, पण साम्राज्याचं पंचांग वाचतं. हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवलेलं बरं. सहापट त्वरणाचं जहाज हाती असलेला खेळाडू सेकंदाला ५९० किलोमीटरच्या त्या वेगाला पावणेतीन तासांत पोचतो, आणि दरबारातल्या गोळीच्या आदल्या दिवशी राजधानीला चिठ्ठी धाडायची त्याची तयारी असते.